मैनेच्या विरहातून सीमाभागाची व्यथा

लोकप्रिय चालीच्या आधाराने एखादी गोष्ट लोकांच्या मनात किती खोल रुजवता येते, याचे मराठीतील ठसठशीत उदाहरण म्हणजे 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड. बेळगाव, निपाणीच्या सीमाभागात आजही शाहिराच्या डफावर थाप पडली की तिची आठवण झाल्यावाचून राहत नाही. ही छक्कड रचणारे अण्णाभाऊ साठे सीमाभागातले नव्हते. मात्र या भूभागाचे दुःख त्यांनी ज्या रीतीने गाण्यात बांधले, त्या रीतीने ते क्वचितच कोणाला बांधता आले.

सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातील वाटेगाव येथे १ ऑगस्ट १९२० रोजी अण्णाभाऊंचा जन्म झाला. मूळ नाव तुकाराम भाऊराव साठे. मांग समाजातील या मुलाचे शालेय शिक्षण जेमतेम दीड दिवसाचे. बालपणीच कुटुंबासह वाटेगावहून पायी निघून त्यांनी मुंबई गाठली. तेथे हमाली केली, फेरीवाल्याची कामे केली, गिरणीतही राबले. अक्षरओळख झाली ती रस्त्यावरच. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची भित्तिपत्रके वाचत ते साक्षर झाले. ज्यांची पहिली पाटीपुस्तके जाहिरातीचे फलक होते, त्या अण्णाभाऊंना पुढे लोकांचे लक्ष वेधणारी भाषा सहज साधली, यात नवल नाही.

तमाशाचे संस्कार त्यांना घरातूनच मिळाले. नातलग बापू साठे यांच्या फडात ते वावरले, वाद्ये शिकले, गळा तयार केला. मुंबईत कामगार चळवळीशी संबंध आला आणि १९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. तिघांनी गिरणगावातील चाळी, मैदाने आणि खेड्यापाड्यांतील पार गाजवून सोडले. तत्पूर्वीच स्टालिनग्राडच्या लढ्यावरील पोवाड्याने अण्णाभाऊंचे नाव कामगारांत झाले होते.

तमाशाचा साचा त्यांनी मोडला नाही, त्यातला ऐवज बदलला. आरंभीच्या गणात देवाऐवजी मायभूमीला आणि शिवरायांना वंदन आले. वगातील राजाच्या जागी सावकार, मालक आणि मजूर उभे राहिले. ढोलकी, तुणतुणे, झीलकरी मात्र तेच. श्रोता आपल्या आवडीचा फड म्हणून बसे आणि उठताना एक नवा विचार घेऊन जाई. तमाशावर सरकारी निर्बंध आले, तेव्हा हाच खेळ लोकनाट्य या नावाने प्रतिष्ठित करण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. चंदगड तालुका वगळता बेळगाव जिल्हा आणि गोव्याला खेटून असलेले कारवार तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले, तर मुंबईसह उर्वरित मराठी मुलूख द्विभाषिक राज्यात राहिला. त्याच वर्षीच्या जानेवारीत मुंबईप्रमाणेच बेळगाव आणि निपाणीतही गोळीबाराने बळी घेतले होते. त्यांच्या स्मरणार्थ सीमाभागात १७ जानेवारी हा हुतात्मा दिन पाळला जातो.

संयुक्त महाराष्ट्राच्या या धामधुमीत अण्णाभाऊंची छक्कड गाजली. छक्कड ही लावणीच्याच गोतावळ्यातली, तमाशाच्या श्रोत्याला पाठ असलेली ठसकेबाज रचना. आरंभी एक गडी पोटासाठी मुंबईला निघतो आणि त्याची कारभारीण गावी राहते. तिच्या रूपाचे, निरोपाच्या क्षणाचे वर्णन रंगत जाते. मग मुंबईची गर्दी, गिरण्या, काळाबाजार आणि बेकारी येते. श्रोते या विरहात पुरते गुंतलेले असताना शाहीर एका वळणावर सांगतो, की खंडित महाराष्ट्राचीही हीच गत झाली आहे. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही आपली गावे दुसऱ्याच्या ताब्यात गेली आहेत. मैना आणि मुलूख एकरूप होतात.

सीमाप्रश्नावर तोवर ठराव झाले होते, आकडेवारी मांडली गेली होती, निवेदने दिली गेली होती. गिरणीत साचा चालवणाऱ्याला किंवा निपाणीच्या तंबाखू वखारीत राबणाऱ्या बाईला त्यातले कितीसे पोहोचणार? घरच्या माणसाची ताटातूट मात्र दोघांच्याही परिचयाची होती. अण्णाभाऊंनी नेमकी तीच वाट धरली.

व्यापारानेही ही किमया ओळखली होती. जपानमध्ये १९५१ साली खासगी रेडिओ सुरू झाला, त्याच वर्षी तेथे पहिले जाहिरातगीत वाजले. पुढे दूरचित्रवाणीवर लोकप्रिय गायकांची गाणी मालाच्या जाहिरातींत झळकू लागली. भारतात १ नोव्हेंबर १९६७ पासून विविध भारतीवर जाहिराती आल्या आणि त्यांची गाणी घरोघरी गुणगुणली जाऊ लागली. ओळखीचा सूर अनोळखी गोष्टीला घरात प्रवेश मिळवून देतो, हे तत्त्व दोहोंकडे सारखेच. अण्णाभाऊंकडे विकायला माल नव्हता आणि गाण्यातून त्यांच्या पदरी संपत्तीही पडली नाही.

१९५९ मध्ये 'फकिरा' कादंबरी आली. तिला १९६१ मध्ये राज्य पुरस्कार लाभला. त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले आणि त्यावर प्रवासवर्णन लिहिले. त्यांच्या अनेक कथा-कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. तरीही अखेरची वर्षे विपन्नावस्थेत गेली. १८ जुलै १९६९ रोजी गोरेगाव येथे, वयाची पन्नाशी गाठण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले. पुढे २००२ मध्ये त्यांच्या नावे टपाल तिकीट निघाले.

महाराष्ट्र राज्याची स्थापना १ मे १९६० रोजी झाली, ती त्यांना पाहता आली. महाजन आयोगाचा अहवालही त्यांच्या हयातीत, १९६७ मध्ये आला. त्याने निपाणी महाराष्ट्राला देण्याची शिफारस केली, बेळगावची केली नाही. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला आणि दोन्ही शहरे कर्नाटकातच राहिली. २००४ मध्ये हा वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला.

छक्कडीतील चार नावांपैकी डांग आणि उंबरगाव गुजरातमध्ये गेले आणि त्यांची चर्चा काळाच्या ओघात मावळली. ज्या गिरण्यांसाठी गडी गाव सोडून गेला, त्यांचे भोंगेही थांबले. बेळगाव आणि कारवार ही दोन नावे मात्र छक्कडीत येतात, तेव्हा सीमाभागातील श्रोत्याला ती आजही कालबाह्य वाटत नाहीत.