सर रॉबर्ट पील आणि शिपायाचा नंबर

गेल्या स्नेहसंमेलनाच्या दिवशी आमच्या शाळेच्या फाटकाशी एक पोलीस शिपाई बंदोबस्तास उभा होता. पाहुण्यांबरोबर आलेला चार-पाच वर्षांचा एक मुलगा त्यास पाहताच आईच्या पदराआड दडला आणि काही केल्या पुढे येईना. शिपाई बिचारा सौम्य प्रकृतीचा गृहस्थ होता. त्याने हसून दुसरीकडे तोंड फिरविले. मुलाचा यात काय दोष? जेवत नाही, झोपत नाही, त्या मुलास पोलिसाच्या हवाली करण्याची धमकी आपल्याकडे घरोघर दिली जाते. पालकांनी रागावू नये, मीही ती माझ्या मुलांस दिली आहे. परंतु आजच्या धर्तीचे पोलीसदल ज्या पुरुषाने प्रथम उभारले, त्याच्या मनात पोलिसाविषयीची कल्पना अगदी निराळी होती. तो पुरुष म्हणजे सर रॉबर्ट पील. त्यांचे चरित्र विद्यार्थ्यांनी वाचावे असे आहे. ते निर्दोष आहे म्हणून नव्हे. या चरित्रात एकाच हाताने दोन प्रकारचे पोलीस घडविले, आणि त्या दोहोंतील अंतर आजही बुजलेले नाही, म्हणून.

रॉबर्ट पील यांचा जन्म ५ फेब्रुवारी १७८८ रोजी इंग्लंडातील लँकेशायर परगण्यात बरी या गावी झाला. त्यांच्या वडिलांचेही नाव रॉबर्ट पील असेच होते. कापसाच्या कापडावर छापकाम करण्याच्या धंद्यात वडिलांनी अपार संपत्ती मिळविली होती. गिरणीत राबणाऱ्या अनाथ मुलांच्या कामाचे तास ठरविणारा १८०२ चा कायदा या गिरणीमालकानेच पार्लमेंटात मांडला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मुलगा हॅरो येथील शाळेत शिकला. कवी बायरन तेथे त्याचा सोबती होता. पुढे ऑक्सफर्ड येथे त्याने १८०८ साली प्राचीन भाषा व गणित या दोन्ही विषयांत पहिला वर्ग मिळविला. असे दुहेरी यश त्यापूर्वी कोणासही लाभले नव्हते. गणिताचा कंटाळा करणाऱ्या आमच्या वर्गबंधूंनी हे वाक्य दोनदा वाचण्यास हरकत नाही.

वयाच्या एकविसाव्या वर्षी, १८०९ साली, पील पार्लमेंटचे सभासद झाले. हे मात्र त्यांच्या गुणांचे फळ नव्हे. आयर्लंडातील कॅशेल या मतदारसंघात मोजकेच मतदार होते, आणि ती जागा वडिलांच्या पैशाने मिळाली होती. त्या काळी असे सर्रास चाले. तीन वर्षांनी, अवघे चोवीस वर्षांचे असता, त्यांस आयर्लंडच्या कारभाराचे मुख्य सचिव नेमण्यात आले.

आयर्लंडातील बहुसंख्य प्रजा कॅथलिक व गरीब, जमीनदार बहुतेक प्रॉटेस्टंट, राज्य इंग्रजांचे. खंड व धार्मिक कर यांविरुद्ध खेड्यापाड्यांतून रात्रीच्या वेळी दंगे होत. पील यांनी १८१४ साली कायदा करून एक सशस्त्र दल निर्माण केले. जो मुलूख अशांत म्हणून जाहीर होई तेथे हे दल पाठवावयाचे आणि त्याचा खर्च तेथील रहिवाशांच्याच माथी मारावयाचा, अशी योजना होती. लोकांनी या शिपायांस पील यांच्या नावावरून पीलर म्हणण्यास आरंभ केला, आणि त्यात प्रेम नव्हते. या बीजापासून पुढे आयरिश कॉन्स्टॅब्युलरी हे बंदूकधारी दल उभे राहिले. ते सरकारास जबाबदार होते. ज्यांच्यावर पहारा करावयाचा त्या लोकांस जाब देण्याचे त्यास कारण नव्हते.

आपणा महाराष्ट्रीयांस या गोष्टीशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. सर चार्ल्स नेपियर यांनी १८४३ साली सिंध प्रांत जिंकल्यावर तेथील पोलीसदल या आयरिश नमुन्यावर रचले. सिंध पुढे मुंबई इलाख्यास जोडला गेला, आणि नेपियरचा घाट इलाख्यात व इतरत्र पसरला. सत्तावनच्या उठावानंतर, १८६१ साली, हिंदुस्थानाकरिता जो पोलीस कायदा झाला त्याच्या मुळाशीही हाच विचार होता. म्हणजे पील यांच्या दोन अपत्यांपैकी आपल्या वाट्यास थोरले आले. धाकटे निराळ्या वळणाचे निघाले, आणि कीर्ती मिळाली ती त्यास.

पील १८२२ साली इंग्लंडचे गृहमंत्री झाले. तेव्हाच्या लंडन शहराची कल्पना केली पाहिजे. दहा लाखांवर वस्ती, आणि रखवालीस काय, तर पॅरिशचे म्हातारे पहारेकरी! आपल्या जुन्या खेड्यात जागल्या व रामोशी असत, पण ते गावातील प्रत्येकास ओळखत; लंडनचा पहारेकरी शेजारच्या गल्लीतील मनुष्यासही ओळखत नसे. चोर पकडल्यास बक्षीस मिळे, म्हणून काही लोकांनी चोर पकडण्याचाच धंदा केला. त्यांतील जोनाथन वाइल्ड नावाचा म्होरक्या स्वतःच चोरांची टोळी चालवीत असल्याचे उघडकीस येऊन १७२५ साली फाशी गेला होता. दुसरीकडे कायदा असा कठोर, की दोनशेहून अधिक गुन्ह्यांस देहान्त शिक्षा सांगितलेली होती. एवढ्या कठोरपणामुळे गुन्हे कमी झाले नाहीत. उलट, किरकोळ चोरीसाठी एखाद्याचा जीव घेण्यास पंच धजत नसत आणि अपराधी सुटून जाई. पील यांनी यातील पुष्कळ गुन्ह्यांची देहान्त शिक्षा काढून टाकली आणि शेकडो विस्कळीत कायदे एकत्र केले. शिक्षेच्या भयंकरपणापेक्षा पकडले जाण्याची खात्री माणसास अधिक आवरते, हे त्यांच्या सर्व सुधारणांचे मर्म होते.

तथापि पोलीसदलाचे नाव काढताच इंग्रज जनता बिथरे. पोलीस म्हणजे फ्रान्समधील राजाचे हेर, अशी तेथील समजूत होती. पील यांच्याच अध्यक्षतेखाली बसलेल्या १८२२ च्या समितीने असे दल स्वातंत्र्यास मानवणारे नाही असा अभिप्राय दिला. परंतु पोलीस नसले म्हणजे काय होते, हेही लोकांनी पाहिले होते. मँचेस्टर येथे १६ ऑगस्ट १८१९ रोजी मताधिकार मागणाऱ्या सुमारे साठ हजार निःशस्त्र लोकांच्या सभेवर अधिकाऱ्यांनी घोडेस्वार सोडले. निदान पंधरा माणसे ठार झाली, शेकडो जखमी झाली. एकीकडे म्हातारा पहारेकरी, दुसरीकडे तलवार. मध्ये काहीच नव्हते. ते मधले काहीतरी पील यांस निर्माण करावयाचे होते.

सात वर्षे थांबून त्यांनी १८२९ साली महानगर पोलिसांचा कायदा मंजूर करून घेतला. लंडनच्या जुन्या सिटी भागास त्यांनी हात लावला नाही, कारण तेथील बड्या व्यापाऱ्यांशी झगडा केला असता तर सर्वच बुडाले असते. दोन आयुक्त नेमले: कर्नल चार्ल्स रोवन हा सैनिक आणि रिचर्ड मेन हा बॅरिस्टर. एकास शिस्त ठाऊक, दुसऱ्यास कायदा. व्हाइटहॉल प्लेस येथील चार क्रमांकाच्या घरात कचेरी थाटली. तिची मागची बाजू ग्रेट स्कॉटलंड यार्ड या आवारात उघडत असे, म्हणून कचेरीचे नाव स्कॉटलंड यार्ड असे पडले. २९ सप्टेंबर १८२९ च्या संध्याकाळी नव्या शिपायांची पहिली तुकडी रस्त्यावर आली.

त्यांच्या पोशाखाकडे जरा बारकाईने पाहू. फौजेचा अंगरखा तांबडा, म्हणून यांचा मुद्दाम निळा. डोक्यावर शिरस्त्राण नव्हे, सामान्य गृहस्थ घालीत तशी उंच टोपी. हातात बंदूक नाही. कोटाच्या शेपटातील खिशात आखूड दंडुका, तोही दिसू नये अशा बेताने, आणि मदतीस हाक मारण्याकरिता कर्कश वाजणारा लाकडी खुळखुळा. वरच्या जागा खानदानी लोकांस द्यावयाच्या नाहीत, शिपायांतूनच माणूस वर चढावा, असाही पील यांचा आग्रह होता. आणि कोटाच्या गळपट्टीवर विभागाचे अक्षर व एक आकडा भरलेला असे.

मला हा आकडा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दंडुका शिपायाच्या हाती सत्ता देतो; आकडा नागरिकाच्या हाती देतो. शिपायाने उगाच हात टाकला तर रस्त्यावरची भाजीवालीसुद्धा तो आकडा ध्यानात ठेवून कचेरीत जाऊ शकते. शिपायाचे नाव, गाव, कूळ तिला ठाऊक असण्याची गरज नाही. ज्याने मारले तो कोण, या प्रश्नास उत्तर असल्यावाचून न्यायाचा पहिला पायाच पडत नाही. आपल्याकडे ही साधी गोष्ट ठाम होण्यास फार काळ लागला. बंगालमधील कायदेविषयक साहाय्य करणाऱ्या एका संस्थेच्या प्रमुखांनी, डी. के. बसू यांनी, कोठडीतील मृत्यूंविषयी १९८६ साली सरन्यायाधीशांस एक पत्र लिहिले. सर्वोच्च न्यायालयाने त्या पत्रासच अर्ज मानले आणि डिसेंबर १९९६ मध्ये जो निकाल दिला त्यात अटक करणाऱ्या प्रत्येक पोलिसाने आपले नाव व हुद्दा दाखविणारी स्पष्ट पट्टी लावलीच पाहिजे अशी आज्ञा केली. लंडनच्या गळपट्टीनंतर एकशे सदुसष्ट वर्षांनी! आता तर शिपायाच्या छातीवर लहानसा कॅमेरा लावण्याची रीत अनेक देशांत आली आहे. परंतु अमेरिकेच्या राजधानीत दोन हजारांहून अधिक पोलिसांवर जो काळजीपूर्वक प्रयोग करण्यात आला, त्याचा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला, आणि कॅमेऱ्याने बळाचा वापर म्हणण्यासारखा घटल्याचे त्यात आढळले नाही. आकडा काय, कॅमेरा काय, पुढे कोणीतरी तो वाचून जाब विचारणारा हवा.

लंडनात तो विचारला गेला. दप्तरात ज्याचा क्रमांक पहिला होता तो शिपाई पहिल्याच दिवशी दारू प्यायल्यामुळे बडतर्फ झाला. पुढील काही वर्षांत असे कित्येक घरी गेले, बहुतेक मद्यपानापायीच. लोक आरंभी फार चिडलेले होते. कर आपण भरावयाचा आणि हुकूम मात्र गृहमंत्र्याचा, ही त्यांची तक्रार खरी होती. पील यांच्या योजनेतील हा उणेपणाच म्हटला पाहिजे. कोल्डबाथ फील्ड्स येथे १८३३ साली पोलिसांनी एक सभा दंडुके चालवून मोडली. त्या गर्दीत एका शिपायास सुरा लागून तो मेला. चौकशीस बसलेल्या पंचांनी मारणाराचा अपराध नाही असा निर्णय दिला, कारण जमावास पांगण्याची रीतसर सूचना दिली नव्हती व पोलिसांचे वर्तन क्रूर होते, असे त्यांस वाटले. वरच्या न्यायालयाने तो निर्णय पुढे रद्द केला. त्याच वर्षी पोपे नावाचा एक सार्जंट साधे कपडे घालून एका राजकीय संघात शिरला व तेथील लोकांस चेतवू लागला, असे उघड झाले. पार्लमेंटने दोन्ही प्रकरणांवर समित्या नेमल्या, साक्षी घेतल्या, आणि पोपे यास नोकरी गमवावी लागली. पोलिसांची चौकशी उघड्यावर होऊ शकते हे लोकांनी पाहिले, आणि मग हळूहळू त्याच शिपायास ते बॉबी या घरगुती नावाने हाक मारू लागले. रॉबर्ट नावाचे ते लाडके रूप आहे. आयर्लंडात पीलर हा शब्द तसाच कडू राहिला.

दुसऱ्यास जाब देण्यास भाग पाडणारे पुष्कळ असतात. पील स्वतःही तो देत. कॅथलिकांस पार्लमेंटात प्रवेश देण्यास त्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला होता. १८२९ साली त्यांचे मत पालटले. ऑक्सफर्ड विद्यापीठाने आपणास जुन्या मतावर निवडले, तेव्हा ती जागा धरून बसणे बरे नव्हे, असे समजून त्यांनी राजीनामा दिला व पुन्हा निवडणुकीस उभे राहिले. ते पडले. दुसऱ्या लहानशा मतदारसंघातून परत येऊन त्यांनी तो कायदा तडीस नेला. मित्रांनी त्यांस फितूर ठरविले, ते कायमचेच.

पुढे ते दोनदा मुख्य प्रधान झाले. १८४३ च्या जानेवारीत डॅनियल मॅक्नॉटन नावाच्या मनुष्याने त्यांचे खासगी चिटणीस एडवर्ड ड्रमंड यांस पील समजून पाठीमागून गोळी घातली. दुसरे पिस्तूल झाडण्यापूर्वीच रस्त्यावरील शिपायाने त्यास धरले. ड्रमंड पाच दिवसांनी वारले. मारेकऱ्याचे चित्त ठिकाणावर नाही असे वैद्यांनी सांगितले आणि न्यायालयाने त्यास खुनातून मोकळे करून वेड्यांच्या इस्पितळात पाठविले. राणी व्हिक्टोरिया यांस हे मुळीच रुचले नाही. स्वतः मुख्य प्रधानाच्या जिवावर उठलेल्या मनुष्यासही कायद्याने वेगळे माप लावले नाही, हे त्या राज्यव्यवस्थेस भूषण आहे.

आयर्लंडने त्यांचा पिच्छा अखेरपर्यंत सोडला नाही. तेथे बटाट्याचे पीक कुजून दुष्काळ पडला, तेव्हा परदेशी धान्यावरील जबर जकात उठविण्याचा निश्चय पील यांनी केला. स्वपक्षातील जमीनदार उलटले. २५ जून १८४६ रोजी तो कायदा सरदारांच्या सभेत पार पडला, आणि त्याच रात्री दुसऱ्या सभागृहात आयर्लंडातील बंदोबस्तासाठी जादा कडक अधिकार मागणारे त्यांचे बिल नामंजूर झाले. २९ जून रोजी त्यांनी अधिकारत्याग जाहीर केला.

बरोबर चार वर्षांनी, २९ जून १८५० रोजी, कॉन्स्टिट्यूशन हिल या लंडनच्या रस्त्यावर त्यांचा घोडा बिथरला. पील खाली पडले व घोडा त्यांच्या अंगावर आला. तीन दिवस असह्य वेदना सोसून २ जुलै रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे सरकारी इतमाम न करता ड्रेटन बॅसेट या खेड्यातील प्रार्थनामंदिरात त्यांस पुरण्यात आले. पोलीस कसा असावा याविषयी पील यांची नऊ तत्त्वे म्हणून जी यादी आज देशोदेशीच्या पोलीसशाळांतून शिकविली जाते, ती त्यांनी लिहिलेली नाही असे अलीकडच्या संशोधकांनी दाखविले आहे. चार्ल्स रीथ या इतिहासकाराच्या विसाव्या शतकातील ग्रंथांतून ती आकारास आली. पील यांचे स्मारक करण्यासाठी मात्र त्या उन्हाळ्यात गिरण्यांतील मजुरांनी एकेक पेनी वर्गणी जमविली. धान्याची जकात उठल्यामुळे त्यांची भाकरी स्वस्त झाली होती.