यूजेन बूर्दाँ

यूजेन बूर्दाँ (जन्म : पॅरिस, ८ एप्रिल १८०८, मृत्यू : पॅरिस, २९ सप्टेंबर १८८४) हे फ्रेंच अभियंते व उपकरणनिर्माते होते. वक्र धातुनळीवर चालणाऱ्या दाबमापकाचे जनक म्हणून ते ओळखले जातात. शीतगृहे व वातानुकूलन यंत्रे यांतील बिघाड शोधण्यासाठी त्यांच्याच तत्त्वावरील तबकडीचे दाबमापक आजही वापरले जातात.

जीवन व शोध

रेशमाच्या व्यापाऱ्याच्या घरी जन्मलेल्या बूर्दाँ यांनी १८३२ मध्ये पॅरिसमध्ये यंत्रे व उपकरणे बनविण्याचा कारखाना काढला. त्या काळी बाष्पित्रांचे स्फोट होऊन प्राणहानी होत असे. दाब मोजण्यासाठी पाऱ्याचा स्तंभ वापरीत. परंतु एका वातावरणाएवढ्या दाबाला ७६० मिलिमीटर उंची लागत असल्याने आगगाडीच्या धावत्या इंजिनावर तो गैरसोयीचा ठरे.

कारखान्यात एक नळी सर्पिलाकार वाकविताना चपटी झाली. ती पूर्ववत करण्यासाठी तिचे एक टोक बंद करून आत दाबाने पाणी भरले असता ती फुगता फुगता उलगडू लागली. कामातील या चुकीत बूर्दाँ यांना मापनाचे साधन दिसले. त्यांनी नळीचे बंद टोक काट्याला जोडले आणि १८४९ मध्ये एकस्व मिळविले. १८५१ च्या लंडन येथील प्रदर्शनात या उपकरणास पदक मिळाले. मात्र निर्द्रव वायुदाबमापकाचे संशोधक ल्युसियँ व्हिदी यांनी त्यांच्यावर दावा लावला. दीर्घकाळ चाललेल्या या वादात अखेर व्हिदी यांची सरशी झाली व बूर्दाँ यांना भरपाई द्यावी लागली. उत्तरायुष्यात त्यांनी वाऱ्याचा वेग मोजण्याच्या साधनांवर काम केले.

प्रशीतनातील उपयोग

प्रशीतन यंत्राला सामान्यतः दोन मापक जोडतात : निळा कमी दाबाच्या व लाल उच्च दाबाच्या बाजूस. दोन्ही दाब अपेक्षेपेक्षा कमी असल्यास वायू कमी असण्याचा संभव असतो. चोषणदाब जास्त व उच्च दाब कमी असल्यास कॉम्प्रेसरच्या झडपांवर संशय जातो. केवळ उच्च दाब वाढल्यास कंडेन्सरवरील धूळ, जादा भरलेला वायू किंवा आत शिरलेली हवा ही कारणे तपासतात. मात्र एकट्या काट्यावरून निदान पक्के होत नाही. नळ्यांचे व भोवतालचे तापमानही पाहावे लागते. बूर्दाँ नळी बाहेरील हवेच्या तुलनेतच दाब दाखविते. म्हणून जोडणीपूर्वी काटा शून्यावर असल्याची खात्री करतात.