परवाना मासेमारीचा, प्रवास साडेपाच हजार मैलांचा!

एकट्यानं शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस म्हणून कॅप्टन जोशुआ स्लोकमचं नाव जगभर घेतलं जातं. त्याच्या धाडसाच्या गोष्टी खूप आहेत. पण सोलो ट्रिपची स्वप्नं बघणाऱ्यांनी त्याची दुसरी बाजूही बघायला हवी: बंदरं, परवाने, शिक्के आणि त्यांच्याशी त्यानं आयुष्यभर घातलेली हुज्जत.

परदेशी ट्रिपचा प्लॅन ठरतो तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर समुद्रकिनारा असतो. दोन दिवसांनी समोर येतो तो व्हिसाचा फॉर्म. बँक स्टेटमेंट, फोटोची साइज, हॉटेलचं बुकिंग... अर्धा उत्साह तिथंच संपतो. मग कुणीतरी म्हणतंच, ‘पूर्वी बरं होतं, माणूस होडीत बसायचा आणि निघायचा!’

खरंच असं होतं का? सव्वाशे वर्षांपूर्वी होडीत बसून निघालेल्या माणसालाच विचारू या.

जोशुआ स्लोकमचा जन्म 20 फेब्रुवारी 1844 चा, कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाचा. शाळा फारशी झाली नाही. घरातून पळून जायचे प्रयत्न लहानपणापासून सुरू होते. चौदाव्या वर्षी मच्छीमार बोटीवर स्वयंपाक्याचं काम मिळवलं. 1860 मध्ये आई गेली आणि सोळा वर्षांच्या पोरानं घर कायमचं सोडलं. साधा खलाशी म्हणून सुरुवात करून तो कॅप्टन झाला, अमेरिकेचा नागरिक झाला. 1871 मध्ये सिडनीत व्हर्जिनिया वॉकरशी लग्न केलं. दोघांचा संसार जहाजावरच झाला आणि मुलंही समुद्रावरच वाढली. 1884 मध्ये ब्युनोस आयर्सच्या बंदरात, त्यांच्या स्वतःच्या ‘ॲक्विडनेक’ या जहाजावर व्हर्जिनिया वारली. दोन वर्षांनी त्यानं हेटीशी दुसरं लग्न केलं आणि तिलाही घेऊन तो समुद्रावर गेला. इथून पुढे कागदांची गोष्ट सुरू होते.

गवत घेऊन आलेलं जहाज

1886 च्या शेवटी ‘ॲक्विडनेक’वर अर्जेंटिनातल्या रोसारिओ बंदरातून गवताचे गठ्ठे भरले गेले. माल जायचा होता ब्राझीलला, रिओ दी जानेरोत. त्याच सुमारास अर्जेंटिनात कॉलऱ्याची साथ आली.

तेव्हाचा नियम समजून घेऊ. जहाज एखादं बंदर सोडताना ‘बिल ऑफ हेल्थ’ घ्यायचं. आपल्याकडे साथ आहे की नाही, हे त्या कागदावर लिहिलेलं असायचं. जिथं जायचंय त्या देशाचा कॉन्सुल त्यावर सही करायचा. पुढच्या बंदरात पहिल्यांदा चढायचा तो आरोग्य अधिकारी. तो ‘प्रॅटिक’ देईपर्यंत, म्हणजे जमिनीशी संपर्काची परवानगी देईपर्यंत, कुणालाही किनाऱ्यावर पाय ठेवता येत नसे. कोविडच्या काळात विमानतळावर आरटीपीसीआरचा रिपोर्ट दाखवावा लागायचा, तसाच हा प्रकार.

स्लोकम ब्राझीलच्या इल्हा ग्रांदे या क्वारंटाइन ठाण्याशी पोचला, तर अर्जेंटिनातून येणाऱ्या जहाजांना बंदरं बंद! पहाऱ्यावरच्या युद्धनौकेनं त्याला हाकललं. गवत तसंच घेऊन तो शेकडो मैल मागे, रोसारिओला गेला आणि बंदरं उघडेपर्यंत काही महिने थांबला. या सगळ्यात जहाज आणि मालक दोघंही बसत चालले होते. पुढे खलाशांचं बंड झालं. स्लोकमनं गोळ्या झाडल्या, त्यात एक खलाशी मेला. खटला चालला, त्यात तो सुटला. मग जहाजावर देवीची साथ आली. 1887 संपता संपता परानाग्वाच्या खाडीत ‘ॲक्विडनेक’ वाळूवर चढलं आणि मोडलं. विमा नव्हता.

ब्राझीलचा नियम चुकीचा होता का? कॉलऱ्यानं माणसं मरत असताना कुठलाही देश हेच करणार. पण त्या नियमाचा फटका कुणाला किती बसतो, हे दारावर उभ्या असलेल्याच्या खिशावर ठरतं. मोठ्या कंपनीनं चार महिन्यांचा तोटा सोसला असता. स्लोकमकडे तेवढंच एक जहाज होतं.

‘बंदराच्या बाहेर’ म्हणजे किती बाहेर?

परक्या देशात, बायको आणि दोन मुलांसह, खिसा रिकामा. स्लोकमनं ठरवलं, घरी जायचं ते स्वतःच्याच बोटीनं. मोडक्या जहाजाचं सामान आणि तिथलं जंगली लाकूड वापरून त्यानं 35 फुटी होडी बांधली. हेटीनं शिडं शिवली. 13 मे 1888 ला होडी पाण्यात उतरली. ब्राझीलमधली गुलामगिरी त्याच दिवशी कायद्यानं संपली, म्हणून होडीचं नाव ठेवलं ‘लिबरदाद’, म्हणजे स्वातंत्र्य.

पण स्वातंत्र्यालाही कागद लागतो! परदेशी निघणाऱ्या जहाजाला बंदराकडून ‘क्लिअरन्स’ घ्यावा लागतो. ते जहाज कोणाचं, कुठं चाललं, देणी फिटली का, हे सगळं त्यात येतं. आता ही घरगुती होडी, त्यात बाई आणि मुलं, आणि जायचं कुठं तर अमेरिकेला! असल्या होडीला परदेशाचा परवाना देऊन कोण स्वतःच्या डोक्यावर घेणार?

शेवटी कचेरीतून त्याला परवाना मिळाला तो मासे धरायचा. बंदराच्या तोंडाशी वाळूचा बांध असतो, त्याच्या आत आणि बाहेर मासेमारी करायची मुभा. स्लोकमनं सरळ विचारलं, बाहेर म्हणजे किती लांबपर्यंत? अधिकाऱ्यानं खांदे उडवले, कोण जाणे असं म्हणाला, आणि आता भेट स्वर्गातच असं सांगून निरोप दिला. स्लोकमला अर्थ कळला: जायचं तर जा, पण सरकार म्हणून मला ते माहीत नाही.

24 जून 1888 ला ‘लिबरदाद’ निघाली. ‘बांधाच्या बाहेर’ हे दोन शब्द त्यानं साडेपाच हजार मैल ताणले! ऑक्टोबरअखेर होडी अमेरिकेच्या साउथ कॅरोलिनाच्या किनाऱ्याला लागली आणि डिसेंबरमध्ये वॉशिंग्टनला पोचली. हेटीनं मात्र पुन्हा लांबच्या समुद्रसफरीवर जायचं नाव काढलं नाही. त्यांच्या गोष्टीत तिला एखादंच वाक्य मिळतं. पण ते महिने तिनेही काढले होते.

एक माणूस, एक बोट, एक लायसन्स

1892 मध्ये एका ओळखीच्या कॅप्टननं स्लोकमला एक बोट फुकट देऊ केली. जाऊन बघतो तर शेतात ठोकळ्यांवर ठेवलेली, कालवं धरायची म्हातारी बोट. नाव ‘स्प्रे’. तेरा महिने खपून त्यानं ती जवळपास पूर्ण नव्यानं बांधली. खर्च आला 553 डॉलर 62 सेंट. लांबी 36 फूट 9 इंच. 24 एप्रिल 1895 ला, वयाच्या 51 व्या वर्षी, तो बोस्टनहून निघाला. एकटाच.

या वेळी त्याच्याकडे रीतसर लायसन्स होतं. ‘स्प्रे’ ही व्यापारी नव्हे, खासगी बोट आहे, असं सांगणारं. पूर्वीसारखा माल नाही, खलाशी नाहीत, त्यामुळे भांडणाचे निम्मे मुद्दे संपले. पण प्रत्येक बंदरात तोच क्रम: आधी आरोग्य अधिकारी, मग कस्टम्स, मग आपल्या देशाचा कॉन्सुल. जहाजाचे कागद कॉन्सुलकडे जमा करायचे आणि निघताना परत घ्यायचे. ‘कर्मचारी किती’ या रकान्यात तो आकडा लिहायचा, एक. नाविक, स्वयंपाकी, कप्तान सगळं तोच.

जिब्राल्टरला ब्रिटिश आरमारानं पाहुणचार केला आणि सावधही केलं. भूमध्य समुद्रात चाचे आहेत, सुएझकडे एकट्यानं जाऊ नका. स्लोकमनं ऐकलं आणि आख्खी दिशाच उलटी केली. अटलांटिक परत ओलांडून तो दक्षिण अमेरिकेकडे वळला.

फेब्रुवारी 1896 मध्ये मॅगेलनच्या सामुद्रधुनीत, चिलीच्या पुंता अरेनास बंदरात, तिथल्या बंदर अधिकाऱ्यानं त्याला थांबवायचा प्रयत्न केला. पुढे हल्ले होतात, माणसं सोबत घ्या, नाहीतर एखादी गनबोट जाईपर्यंत थांबा. स्लोकमनं माणसं शोधली. एकच तयार झाला, त्याला बरोबर आणखी एक माणूस आणि एक कुत्रा हवा होता. दुसरा माणूस मिळेना आणि कुत्रा स्लोकमला नको होता. शेवटी अधिकाऱ्यानं हरकत सोडली. वेळ आली तर नेम धरा, पण शक्यतो कुणाला मारू नका, एवढं सांगून जाऊ दिलं. अडवायचा अधिकार हातात असूनही त्यानं सल्ला देऊन जाऊ दिलं, हे विसरू नका. स्लोकमची प्रदक्षिणा अशा अनेक माणसांमुळेही पूर्ण झाली.

मेलबर्नला वेगळीच गंमत झाली. तिथं बोटीच्या वजनावर कर होता, टनामागे सहा पेन्स. ‘स्प्रे’ पुरती तेरा टनांचीही नव्हती, पण कलेक्टरनं वरचा अपूर्णांक पूर्ण धरून तेरा टनांचे सहा शिलिंग सहा पेन्स घेतले. स्लोकमनं वाद घातला नाही. बोट बघायला येणाऱ्या प्रत्येकाकडून त्यानं सहा पेन्स तिकीट घेतलं! गर्दी ओसरली तेव्हा एक बारा फुटी शार्क पकडून ठेवला आणि तो बघायचेही सहा पेन्स लावले. कर असा वसूल झाला.

परतीच्या वाटेवर असेन्शन बेटावर त्यानं स्वतःहून बोटीची झडती घेऊन मागितली. आत दुसरं कुणी लपलेलं नाही, हे तिथल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी तपासावं म्हणून. एकट्यानं जग फिरलो हे सांगून कोण मानणार, हे त्याला ठाऊक होतं. ज्या तपासणीनं पूर्वी त्याला रडवलं होतं, तीच आता त्याचा पुरावा झाली.

4 जून 1898 ला अँटिग्वातल्या अमेरिकन कॉन्सुलनं ‘स्प्रे’चं लायसन्स शेवटचं परत दिलं. देताना त्यावर सफरीबद्दल दोन शब्द लिहिले. केपटाउनलाही असाच शेरा पडला होता. नंतर हा कागद नियमाप्रमाणे वॉशिंग्टनला सरकारी खात्यात जमा झाला.

सगळ्यात अवघड प्रवेश मात्र स्वतःच्या देशात निघाला. अमेरिका आणि स्पेनचं युद्ध सुरू होतं आणि न्यूपोर्टच्या बंदरात सुरुंग पेरले होते. 27 जून 1898 च्या मध्यरात्रीनंतर स्लोकम खडकांना खेटून आत शिरला. तिथून मोठं जहाज जाणारच नाही, म्हणून तिथं सुरुंग नसणार हा त्याचा हिशोब. पहाऱ्यावरच्या जहाजानं ‘स्प्रे’ला ओळखून हाक दिली. तीन वर्षं, दोन महिने आणि दोन दिवस. 46 हजार मैल.

पुढे काय झालं?

1900 मध्ये त्याचं पुस्तक आलं, गाजलं. पण तो कुणी संत नव्हता. जहाजावरचा त्याचा कडकपणा पूर्वी कोर्टापर्यंत गेला होता. 1906 मध्ये बारा वर्षांच्या मुलीशी गैरवर्तनाच्या आरोपात त्याला अटक झाली. त्यानं आरोप लढवला नाही आणि 42 दिवस तुरुंगात काढले. त्याचं धाडस सांगताना हे गाळता येत नाही.

नोव्हेंबर 1909 मध्ये, 65 व्या वर्षी, तो त्याच ‘स्प्रे’तून दक्षिण अमेरिकेकडे निघाला. पुन्हा कुणाला दिसला नाही. आयुष्य समुद्रावर काढलेल्या या माणसाला पोहता येत नव्हतं.

आज नियम बदललेत, पण सांगाडा तोच आहे. खासगी बोट दुसऱ्या देशाच्या हद्दीत शिरली की पिवळा झेंडा लावते. बोटीवर सगळे ठणठणीत आहेत, आत यायची परवानगी द्या, हा त्याचा अर्थ. मनाला येईल तिथं नांगर टाकता येत नाही, ठरलेल्या प्रवेश-बंदरातच जावं लागतं. बोटीची नोंदणी, मागच्या बंदराचा क्लिअरन्स, माणसांची यादी, पासपोर्ट आणि व्हिसा दाखवावे लागतात. ऑस्ट्रेलियासारख्या देशाला तर येण्याआधीच कळवावं लागतं. आपले कमांडर दिलीप दोंदे 2009-10 मध्ये मुंबईहून निघून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय झाले. गोव्यात बांधलेली त्यांची ‘म्हादेई’ चार परदेशी बंदरांत थांबली, आणि प्रत्येक ठिकाणी कागद काढावे लागलेच.

तेव्हा ‘पूर्वी बरं होतं’ हे खरं नाही. पूर्वीही दार होतं आणि दारावर माणूस होता. स्लोकम एकदा त्या दारावरून परत गेला आणि जहाज गमावलं. एकदा मासेमारीच्या कागदावर निसटला. तिसऱ्यांदा मात्र कागद नीट करून गेला, आणि मग आख्खं जग फिरून आला. पुढच्या वेळी व्हिसाचा फॉर्म भरताना वैताग आला, तर तो शेवटच्या रकान्यापर्यंत नीट भरा. ट्रिप तिथूनच सुरू होते.