रेल्वेवरील गायक जिमी रॉजर्स

गायनशाळेचें तोंडहि न पाहिलेल्या एका गायकाचें चरित्र आम्ही येथें सादर करितों. जिमी रॉजर्स याचा जन्म १८९७ सालीं अमेरिकेंतील मिसिसिपी संस्थानांत झाला. लहानपणींच तो मातृसुखास अंतरला. पुढें बापाप्रमाणें तो रेल्वेंत शिरला व आगगाडीचे ब्रेक लावूं लागला. रुळांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीय मजुरांचीं गाणीं त्याच्या कानीं पडलीं, तेंच त्याचें शिक्षण.

१९२४ सालीं त्यास क्षय जडला आणि कष्टाची नोकरी सुटली. १९२७ सालीं ॲशव्हिल येथील नव्या रेडिओ केंद्रावर त्यास गावयास मिळालें. त्याच ऑगस्टांत ब्रिस्टल येथें त्याच्या पहिल्या तबकड्या निघाल्या. त्या साध्या स्वरांत खेड्यांतील श्रमिकांस आपलींच सुखदुःखें ऐकूं आलीं. त्याच्या लोकप्रियतेचें मर्म आम्हांस हेंच वाटतें.

मे १९३३ मध्यें न्यू यॉर्क येथें शेवटचीं गीतें मुद्रित करतांना त्यास मधून मधून खाटेवर पडावें लागे. काम पुरें करून दोनच दिवसांनीं, वयाच्या पस्तिसाव्या वर्षीं, तो निवर्तला. देवानें दिलेलें दान त्यानें जमिनींत पुरून ठेविलें नाहीं; आमच्या विद्यार्थ्यांनींहि तें ठेवूं नये.