लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर (२० जून १८६९ – २६ सप्टेंबर १९५६) हे मराठी उद्योजक व किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक होते. लोखंडी नांगराचे निर्माते आणि किर्लोस्करवाडीचे संस्थापक म्हणून ते प्रसिद्ध आहेत. त्यांच्या उद्योगाचा आरंभ मात्र नांगराने झाला नाही. तो बेळगावातील सायकलींच्या विक्रीने व दुरुस्तीने झाला.

बालपण व शिक्षण

लक्ष्मणरावांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. शालेय अभ्यासात त्यांचे मन रमत नसे. ओढ होती ती चित्रकलेची आणि यंत्रांची. वडिलांची इच्छा नसताना, थोरले बंधू रामचंद्र उर्फ रामूअण्णा यांच्या आधारावर, ते १८८५ मध्ये मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत दाखल झाले. दोन वर्षांनी त्यांना अंशतः रंगांधत्व असल्याचे लक्षात आले आणि रंगकामाचे शिक्षण सोडावे लागले. रेखांकनाला रंगांची गरज नसते. त्या बळावर त्यांना व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक रेखाटन शिकवण्याचे काम मिळाले. फावल्या वेळात ते संस्थेच्या कार्यशाळेत जात आणि यंत्रे उघडून, पुन्हा जोडून पाहत. पुढच्या आयुष्याच्या दृष्टीने हे शिक्षण कलाशाळेपेक्षा मोलाचे ठरले.

सायकलींचा व्यापार

किर्लोस्कर समूह आपली स्थापना १८८८ पासून मोजतो. जॉन केम्प स्टार्ली यांची दोन सारख्या चाकांची, साखळीने चालणारी ‘रोव्हर’ सायकल १८८५ मध्ये आली होती आणि जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट १८८८ मध्येच घेतले. म्हणजे बेळगावातील हा धंदा ज्या वस्तूवर उभा राहिला ती वस्तू इंग्लंडमध्येही नवी होती.

लक्ष्मणराव मुंबईत सायकली विकत घेऊन बेळगावला पाठवत. रामूअण्णा त्या विकत आणि गिऱ्हाइकांना चालवायलाही शिकवत. हे शिकवणे केवळ सौजन्य नव्हते. त्या काळच्या सायकलींना फ्रीव्हील नसे. चाक फिरेल तोवर पेडलही फिरत राही, आणि उतारावर नवशिक्याचे पाय त्यावर टिकत नसत.

सुटे भाग हा या व्यापारातील खरा अवघड भाग होता. साखळी, छर्रे, आरे, टायर हे सारे परदेशी असे, आणि सर्व कारखान्यांचे आटे व मापे सारखी नसत. इंचाला २६ आटे हे ब्रिटिश प्रमाण रूढ होण्यापूर्वी एका कारखान्याची चकती दुसऱ्याच्या आसावर बसेलच असे नव्हते. त्यामुळे भाग मागवण्यापूर्वी तो नेमका ओळखणे भाग होते, नाहीतर पैसे आणि बोटीच्या प्रवासाचे आठवडे दोन्ही वाया जात.

जुन्या सायकलींचे संग्राहक आजही त्याच खुणा पाहतात: एक इंच अंतराच्या ठोकळेवजा कड्यांची साखळी, पुढच्या टायरवर वरून दाबला जाणारा ब्रेक, फ्रीव्हील नसलेले मागचे चाक, डोक्याच्या नळीवरील कारखान्याची पट्टी आणि चौकटीवर ठोकलेला क्रमांक. पट्टी एका सायकलीवरून काढून दुसरीवर बसवता येते. म्हणून आटे आणि साखळीचे माप यांची साक्ष अधिक भरवशाची मानावी. किर्लोस्कर बंधू सायकलींचे विक्रेते होते, उत्पादक नव्हते, हेही या संदर्भात लक्षात ठेवणे बरे.

मुंबईच्या संस्थेत बढतीची संधी आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन व्यक्तीला देण्यात आली. त्यांनी राजीनामा दिला व ते बेळगावला येऊन पूर्णवेळ या व्यवसायात उतरले.

नांगर आणि किर्लोस्करवाडी

दुरुस्तीच्या कामातून कारखाना उभा राहिला. त्यांनी आधी कडबा कापण्याचे यंत्र आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज असल्याने सुमारे दोन वर्षे नांगराला गिऱ्हाईक मिळाले नाही. सायकल घेणारा हौशी व पैसेवाला असे. नांगर घेणाऱ्याचे सारे वर्ष त्यावर अवलंबून होते. त्याचा संशय अज्ञानातून आलेला असला तरी अकारण नव्हता.

बेळगाव नगरपालिकेने शहराच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा घेतल्यावर धंदा बुडण्याची वेळ आली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातील कुंडलजवळ जमीन व कर्जाऊ रक्कम दिली आणि १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी वसली. ती आज सांगली जिल्ह्यात आहे. निवडुंगाने भरलेल्या माळावर कारखान्याबरोबर कामगारांची वसाहतही उभी राहिली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दिलेल्या जुन्या तोफा वितळवून नांगर ओतण्यात आले. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ ही कंपनी स्थापन झाली.

चरख्याची स्पर्धा

१९२९ मध्ये महात्मा गांधींच्या पुढाकाराने अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. यंत्राची किंमत १५० रुपयांपेक्षा अधिक नसावी, ते २० वर्षे चालावे आणि वार्षिक दुरुस्ती किमतीच्या ५ टक्क्यांत भागावी, अशा अटी त्यात होत्या. किर्लोस्करवाडीत तयार झालेला चरखा स्पर्धेसाठी गेला, पण तो या अटींना उतरला नाही. १९३४ नंतर गांधींच्या ग्रामोद्योग चळवळीचे केंद्र वर्धा झाले. तेथील मगनवाडीत आणि पुढे सेवाग्रामात अवजार गावातच बनावे व गावातच दुरुस्त व्हावे हाच आग्रह राहिला. लक्ष्मणरावांनी कारखान्याचा मार्ग सोडला नाही; दोघांचा आदर परस्परांना असला तरी या प्रश्नावर त्यांच्या वाटा वेगळ्या होत्या.

निधन व स्मृती

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांचे पुत्र शंतनुराव किर्लोस्कर यांनी समूहाचा विस्तार केला. जन्मशताब्दीनिमित्त १९६९ मध्ये भारतीय टपाल खात्याने लक्ष्मणरावांचे तिकीट काढले. बेळगावात किर्लोस्कर रस्ता आजही आहे.