बचावफळीतला डॉक्टर

रांजणगाव-शिरूर पट्ट्यात कबड्डीचा सामना रंगला की टाळ्या पडतात त्या चढाई करणाऱ्याला. कोपऱ्यात पाय रोवून उभा राहणारा आणि नेमक्या क्षणी पकड करणारा गडी सामना संपताच विस्मरणात जातो. फुटबॉलचा न्यायही वेगळा नाही. स्वतंत्र भारताच्या पहिल्या ऑलिंपिक फुटबॉल संघाचा कर्णधार असाच बचाव सांभाळणारा होता, आणि तोही वैद्यकीय महाविद्यालयाचा विद्यार्थी! डॉ. तालिमेरेन आओ हे त्यांचे नाव. आपल्याकडे ते फारसे कुणाला ठाऊक नाही.

नागा टेकड्यांतल्या चांगकी या गावी २८ जानेवारी १९१८ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील धर्मोपदेशक, घरात बारा भावंडे. इंपूरच्या मिशनच्या आवारात चिंध्यांच्या चेंडूवर पोराचा खेळ सुरू झाला. मुलाने डॉक्टर व्हावे आणि आपल्या लोकांची सेवा करावी, ही वडिलांची इच्छा. वडील लवकर गेले, पण ती इच्छा मुलाने आयुष्यभर जपली.

गुवाहाटीच्या कॉटन कॉलेजात असताना तालिमेरेन तिथल्या महाराणा क्लबकडून खेळू लागले. सुरुवातीला ते आघाडीला खेळत, पुढे बचावाकडे वळले. १९४२ साली कलकत्त्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजात त्यांना प्रवेश मिळाला आणि लवकरच ते मोहन बागानचा आधारस्तंभ बनले. त्या काळी संघाची रचना दोन बॅक, तीन हाफ आणि पाच फॉरवर्ड अशी असे. मधल्या हाफने प्रतिस्पर्ध्याची चाल मोडायची आणि लगेच आपल्या आघाडीवीरांना चेंडू पुरवायचा. म्हणजे दुहेरी ओझे! उंचपुऱ्या, धिप्पाड आओंनी ते लीलया पेलले. दिवसा शवविच्छेदन आणि वॉर्डातल्या फेऱ्या, संध्याकाळी मैदान, असा हा संसार होता. मोहन बागानचे कर्णधारपदही त्यांच्याकडे आले.

१९४८ साली लंडन ऑलिंपिकला निघालेल्या भारतीय संघाची धुरा त्यांच्यावर सोपवली गेली. उद्घाटनाच्या संचलनात तिरंगाही त्यांच्याच हाती होता. या घटनेचे मोल समजण्यासाठी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. अवघ्या वर्षभरापूर्वी, १४ ऑगस्ट १९४७ रोजी, नागा नॅशनल कौन्सिलने वेगळ्या स्वातंत्र्याची घोषणा केली होती. अशा वेळी एक नागा तरुण भारताचा ध्वज घेऊन जगापुढे चालत होता.

त्याच ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे खाशाबा जाधव कुस्तीत सहावे आले, हे आपल्याला आठवते. फुटबॉल संघाची गाठ ३१ जुलै रोजी इलफर्डच्या मैदानावर फ्रान्सशी पडली. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते. फ्रान्सने पहिला गोल केला, रामनने बरोबरी साधली, दोन पेनल्टी वाया गेल्या आणि अगदी अखेरीस फ्रान्सने दुसरा गोल मारून सामना २-१ असा जिंकला. सामना हरला, तरी अनवाणी पायांनी इंग्रज प्रेक्षकांची मने जिंकली. आर्सेनलसारख्या बड्या क्लबने आओंना करार देऊ केला होता, असेही सांगितले जाते.

ते परतले ते थेट पुस्तकांकडे. १९५० साली त्यांनी डॉक्टरकीची पदवी मिळवली आणि पुढे फुटबॉलला रामराम ठोकला. नावलौकिक ऐन भरात असताना मैदान सोडणे सोपे नसते. त्यांच्या लेखी मात्र फुटबॉल ही वाट होती, मुक्काम नव्हे. १९५३ पासून ते कोहिमाच्या सरकारी रुग्णालयात काम करू लागले. टेकड्या अशांत होत्या, बंदुका बोलत होत्या, डॉक्टर मोजकेच होते. १९६३ साली नागालँड राज्य झाले, तेव्हा आरोग्य खात्याचे संचालकपद त्यांच्याकडे आले. १९७८ साली ते निवृत्त झाले आणि १३ सप्टेंबर १९९८ रोजी त्यांचे निधन झाले.

मरणोत्तर सन्मान झाले. ईशान्येकडील राज्यांची फुटबॉल स्पर्धा त्यांच्या नावाने सुरू झाली, २०१८ साली जन्मशताब्दीला टपाल तिकीट निघाले. तरी खरी दाद द्यायची ती वेगळ्याच गोष्टीला. मैदानावर त्यांनी गोल अडवले, रुग्णालयात मरण अडवले. दोन्हीकडे काम एकच होते: मागे उभे राहून इतरांना सांभाळायचे. अशा माणसांची नावे धावफलकावर लागत नाहीत, म्हणून ती मुद्दाम आठवावी लागतात.