डॉ. जॉन लँग्डन डाऊन

ज्यांची बुद्धि जन्मापासूनच मंद, अशा मुलांस एके काळीं इंग्लंडांतही निरुपयोगी समजून दूर ठेवीत. त्यांजकडे वैद्याच्या व शिक्षकाच्या दृष्टीनें पाहणाऱ्या एका गृहस्थांचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

डॉ. डाऊन यांचा जन्म १८२८ सालीं कॉर्नवॉल प्रांतांत टॉरपॉइंट गांवीं झाला. वडिलांचें दुकान असे; शाळा सोडून ते लहानपणींच तेथें कामास लागले. पुढें लंडनांत वैद्यकी शिकून त्यांनीं सुवर्णपदकें मिळविलीं. तरी १८५८ त त्यांनीं सरे परगण्यांतील अर्ल्सवुड येथील मंदबुद्धींच्या आश्रमाचा कारभार पत्करला. तेथें त्यांनीं मारहाण बंद केली, स्वच्छता आणिली, आणि मुलांस हातांचे उद्योग शिकविले.

१८६६ सालीं त्यांनीं ज्या एका प्रकारच्या मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें, त्या प्रकारास आज त्यांचेंच नांव आहे. हीं मुलें विनोदी असतात, दुसऱ्याची नक्कल हुबेहूब करितात. बोलणें अस्पष्ट असलें तरी जिभेच्या व्यायामानें सुधारतें, असें त्यांनीं लिहिलें. मुलें हट्टीही असतात. पण तो हट्ट बळानें मोडत नाहीं, चातुर्यानें वळवावा लागतो, असा त्यांचा अनुभव होता. येथें आम्हांस क्षणभर थांबावेंसें वाटतें. अशा पुष्कळ मुलांस ऐकूं कमी येतें, व ऐकलेल्यापेक्षां पाहिलेलें त्यांस लवकर समजतें, हें आज सर्वमान्य आहे. तेव्हां हांक मारूनही जें मूल जागचें हलत नाहीं, तें द्वाड आहे असें ठरवून छडी उचलणाऱ्या गुरुजींनीं आधीं त्याचे कान तपासून घ्यावे.

ज्या मुलीची भूक कधींच भागत नसे अशा एका रोगिणीचेंही वर्णन त्यांनीं केलें. तो हावरेपणा नसून जन्मजात विकार होता, हें १९५६ नंतर उमगत गेलें.

मात्र या मुलांची मुद्रा मंगोल लोकांसारखी असल्याचें सांगून त्यांनीं जें नांव दिलें तें चुकीचें होतें, व त्यानें एका राष्ट्राचा उगाच उपमर्द झाला. १९६५ त मंगोलियाच्या विनंतीवरून जागतिक आरोग्य संघटनेनें तें टाकलें. खरें कारण १९५९ सालीं फ्रान्समध्यें कळलें: शरीराच्या पेशींत एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत अधिक असते. आईबापांच्या पापाशीं त्याचा कांहींएक संबंध नाहीं.

मंडळाशीं मतभेद होऊन डॉ. डाऊन यांनीं १८६८ त अर्ल्सवुड सोडलें, आणि पत्नी मेरी यांसह टेम्स नदीजवळ नॉर्मन्सफील्ड हें गृह काढलें. या बाईंचे श्रम पतीपेक्षां कमी नव्हते असें आम्हांस वाटतें. १८७९ त तेथें नाट्यगृहही झालें.

१८९६ सालीं डॉ. डाऊन वारले. पुत्र रेजिनाल्ड व पर्सिव्हल, दोघेही डॉक्टर, यांनीं काम पुढें चालविलें. १९०५ त रेजिनाल्ड यांस पुत्र झाला. आजोबांनीं वर्णिलेलीं तींच लक्षणें त्याच्या ठायीं होतीं. त्याचें नांव आजोबांचेंच, जॉन, ठेविलें. तो घरच्यांच्या मायेंत वाढला व १९७० पर्यंत जगला.